आर्यनच्या चुकांची अकरा पानं

रविवारी सकाळी निशिकांतनं आपल्या एकुलत्या एका मुलाला दहापैकी चार गुण दिले, सुबोधच्या मुलाला नऊ दिले आणि मोठ्या समाधानानं चहाचा घोट घेतला.

फॉर्म राजसच्या आइस हॉकी क्लबकडून आला होता. बारा वर्षांखालच्या मुलांचा संघ बँकॉकला स्पर्धेसाठी जाणार होता आणि त्यात बचावाची, म्हणजे डिफेन्डरची, एकच जागा उरली होती. त्या जागेसाठी दोन नावं होती, निशिकांतचा राजस आणि सुबोधचा आर्यन. कोच लिम यांनी पालकांना विचारलं होतं, की पुढे चांगला डिफेन्डर होण्याच्या दृष्टीनं तुम्हाला तुमच्या मुलात काय दिसतं? आणि दुसऱ्या कुठल्याही एका मुलात काय दिसतं? गुण द्या, शेरा लिहा. राजसच्या शेऱ्यात निशिकांतनं लिहिलं, 'खूप शिकायचं बाकी आहे. जरा आळशी.' आर्यनच्या शेऱ्यात लिहिलं, 'जन्मजात डिफेन्डर.'

यातलं एक अक्षरही त्याला मनापासून वाटत नव्हतं. आर्यनचं नाव काढलं की त्याच्या पोटात जळजळ व्हायची. तशी ती आठ वर्षं जुनी होती. तो आणि सुबोध एकाच वर्षी पुण्याहून सिंगापूरला आले, रॅफल्स प्लेसच्या एकाच इमारतीत नोकरीला लागले. मग सुबोधला आधी पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मिळाला, बिशानमध्ये पोहण्याच्या तलावासकट कॉन्डो मिळाला, आणि निशिकांत हौगांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून एम्प्लॉयमेंट पासवरची मुदत संपायची तारीख बघत राहिला. एवढंही त्यानं गिळलं असतं. पण गेल्या वर्षभरात आर्यन राजसपेक्षा चार इंच उंच झाला, हे मात्र सुबोधनं मुद्दाम केलंय असं त्याला वाटत होतं.

तरीही त्यानं नऊ दिले, कारण तशी रीत आहे. आपल्या मुलाचं कौतुक आपण करायचं नाही. कुणी केलंच तर 'कसलं काय, नुसता धुडगूस असतो' म्हणायचं आणि समोरच्याच्या मुलाला डोक्यावर घ्यायचं. समोरचाही तेच करतो. शेवटी हिशेब बरोबर बसतो आणि दोन्ही घरचे लोक सुसंस्कृत ठरतात.

"बघू काय भरलंस," म्हणत अनघानं फोन ओढून घेतला. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. "चार? निशी, तुला वेड लागलंय का?"

"अगं, सुबोध पण राजसला नऊ देणार. आर्यनला चार देणार. फिट्टंफाट."

"आणि भावजींनी नाही दिले तर?"

निशिकांतचा कप हवेतच राहिला. हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यानं लगेच सुबोधला फोन लावला.

"काय रे, फॉर्म भरलास का?"

"कधीच! काल सकाळीच."

"काय लिहिलंस?"

"काय लिहिणार? जे खरं ते," सुबोध म्हणाला आणि हसला.

त्या हसण्यानं निशिकांतचा घात केला. जे खरं ते! म्हणजे या माणसानं स्वतःच्या मुलाला दहा दिले असणार. पीआर मिळाला की रीतभात पण बदलते का? त्यानं घाईघाईनं फॉर्म पुन्हा उघडला. वर लिहिलं होतं, 'तुमचं उत्तर मिळालं आहे. धन्यवाद.' बदल करायला कुठे जागाच नव्हती.

"प्रत्येक पालकाला एक फॉर्म आहे," अनघा म्हणाली. "माझा अजून बाकी आहे." तिनं राजसला दहा दिले, आर्यनला तीन, आणि शेरा लिहिला, 'भावी कप्तान. अजिबात आळशी नाही.' सरासरी काढली तर सात येते, हे तिनं बोटांवर मोजून दाखवलं. नवरा-बायको दोघंही आयटीतली, त्यामुळे सरासरीवर त्यांचा गाढ विश्वास होता.

बुधवारी कोच लिम यांचा ईमेल आला. एकाच घरातून राजसला एकदा चार आणि एकदा दहा गुण आलेले आहेत, एकदा आळशी आणि एकदा अजिबात आळशी नाही असं लिहून आलेलं आहे, तेव्हा घरी सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी काळजीनं विचारलं होतं. हवं असल्यास क्लबच्या ओळखीच्या एक समुपदेशक बाई आहेत, असंही खाली होतं.

"आता मी समोरासमोरच जाऊन सांगतो," निशिकांत म्हणाला. "पुराव्यासकट."

पुरावा होता. गेले आठ आठवडे दर शनिवारी सरावाला बसून तो एका निळ्या वहीत टिपणं काढत होता. अकरा पानं भरली होती. पकच्या, म्हणजे त्या काळ्या रबरी चकतीच्या, मागे धावताना आर्यन कुठे चुकतो, किती वेळा चुकतो, चुकल्यावर कसा उभा राहतो, सगळं तारखेनिशी. शेजारच्या खुर्चीवर सुबोध मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करत बसलेला असायचा, त्यामुळे वही झाकून लिहावं लागायचं आणि अक्षर थोडं वाकडं यायचं, इतकंच.

शनिवारी दोघं बापलेक तासभर आधीच बर्फाच्या रिंकवर पोचले. बाहेर अंगाची लाही होत होती, आत निशिकांतनं आईनं विणलेला स्वेटर चढवला. या देशात त्या स्वेटरला एवढी एकच जागा होती. राजस स्केट्सच्या नाड्या बांधायला गेला आणि निशिकांत कोच लिम यांच्या खोलीत शिरला. ओल्या मोज्यांच्या वासानं भरलेली ती एवढीशी खोली होती. लिम पन्नाशीचे, बुटके, शांत गृहस्थ होते. निशिकांतनं त्यांना इंग्रजीतून आपली रीत समजावून सांगितली. आम्ही आपल्या मुलाला कमी लेखतो. दुसऱ्याच्या मुलाची स्तुती करतो. पण ती स्तुती खरी नसते आणि ती खरी नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

"मग फॉर्ममध्ये का लिहिलं?" लिम यांनी विचारलं.

"बरं दिसतं म्हणून."

लिम यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ओके ला. खरं काय ते सांगा."

निशिकांतनं वही पुढे केली. मजकूर इंग्रजीतच होता. दोषांची यादी ऑफिसच्या भाषेत करायची त्याची सवय होती. लिम चष्मा लावून वाचू लागले. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसऱ्यावर थांबून त्यांनी पेन्सिल उचलली. निशिकांतच्या मनात गुदगुल्या व्हायला लागल्या.

"समोरचा खेळाडू अंगावर आला की आर्यन पककडे बघतो, माणसाकडे बघत नाही," लिम यांनी मोठ्यानं वाचलं. "डावीकडे वळून उलटं स्केट करताना एक पाऊल जास्त टाकतो. तुम्ही हॉकी खेळलायत?"

"नाही. सोसायटीत क्रिकेट."

"मला हे डावं वळण कळायला तीन महिने लागले. तुमची नजर चांगली आहे. लोक या वयात उंची बघतात, किती गोल केले ते बघतात. त्यातनं काही कळत नाही. मी बघतो, समोरच्यानं चकवल्यावर पोरगं काय करतं. जो चकून लगेच मागे धावतो, त्याला बाकी सगळं शिकवता येतं." त्यांनी वही मिटली. "आता राजसचं सांगा."

"राजस?" निशिकांत खुर्चीत सरसावून बसला. "राजस फार मेहनती आहे."

"वळताना कसा आहे?"

"चांगला वळतो. दोन्हीकडे."

"चकल्यावर काय करतो?"

निशिकांतनं आठवायचा प्रयत्न केला. आठ शनिवार डोळ्यांसमोर आणले. प्रत्येक शनिवारी त्याला आर्यनच दिसला.

"बरं, स्टिक कुठल्या बाजूनं धरतो? डाव्या की उजव्या?"

निशिकांतनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. राजस जेवतो उजव्या हातानं. लिहितोही उजव्या हातानं. "उजव्या," तो म्हणाला.

"डाव्या," लिम म्हणाले.

मग लिम यांनी टेबलावरचा टॅब्लेट त्याच्याकडे सरकवला. "हे मी दाखवायला नको खरं म्हणजे. पण गुरुवारी तुमचे मित्र आले होते. तेच सांगायला. म्हणे, फॉर्ममध्ये राजसला नऊ दिले ते नुसतं बरं दिसावं म्हणून."

निशिकांतला क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे सुबोधनं रीत पाळली होती! दुसऱ्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं, की समोर उघडलेला तक्ता सुबोधचा आहे, त्यात त्रेचाळीस ओळी आहेत आणि सगळ्याच्या सगळ्या राजसवर आहेत. शेजारी बसून हा माणूस लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होता म्हणे! निशिकांतची कानशिलं तापली. पोराच्या वाईटावर टपून बसलाय मेला! आपल्या निळ्या वहीची आठवण त्याला त्या वेळी अर्थातच झाली नाही.

पण तो वाचत गेला आणि वाचता वाचता राग मागे पडू लागला. राजस पास द्यायच्या आधी खांदा पाडतो, त्यामुळे समोरच्याला कळतं. राजस पडला तर हसतो. राजस चकल्यावर दर वेळी मागे धावतो, पण उशिरा वळतो. हा मुलगा निशिकांतच्या घरात राहत होता, त्याच्याच ताटाशेजारी जेवत होता, आणि त्याची ही माहिती बिशानहून यावी लागत होती. एकतिसाव्या ओळीवर तो थांबला.

'चांगला बचाव केला की राजस वर गॅलरीत वडिलांकडे बघतो. वडील आर्यनकडे बघत असतात. यात दर वेळी दोन सेकंद वाया जातात. आठ आठवडे झाले, सवय सुटत नाही.'

निशिकांतनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग टॅब्लेट हळूच परत ठेवला. "माझी वही तुमच्याकडेच राहू दे," तो म्हणाला आणि बाहेर आला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

त्या दिवशी निवडीचा सामना होता. गॅलरीत सुबोध मफलर गुंडाळून बसला होता. निशिकांत शेजारी जाऊन बसला.

"आर्यन काय जबरदस्त खेळतोय हल्ली," निशिकांत सवयीनं म्हणाला.

"कसलं काय! राजसकडे बघ, खरा डिफेन्डर तो," सुबोधही सवयीनं म्हणाला.

सामना सुरू झाला. निशिकांतनं ठरवलं होतं, नजर फक्त राजसवर. सोपं नव्हतं ते. दुसऱ्या बाजूनं आर्यनच्या स्केट्सचा आवाज आला की मान आपोआप वळू बघायची. आठ आठवड्यांची मेहनत होती तिच्यामागे. पण त्यानं मान वळू दिली नाही. राजस स्टिक डाव्या बाजूनं धरत होता. पास द्यायच्या आधी खांदा खरंच पाडत होता. एकदा तो आपटला आणि हसला, आणि हेल्मेटच्या जाळीतून ते हसू निशिकांतला एवढ्या लांबून दिसलं.

मग शेवटची पाच मिनिटं उरली असताना एक दांडगा मुलगा पक घेऊन थेट राजसच्या अंगावर आला. राजसनं पककडे बघितलंच नाही. माणसाकडे बघितलं, मागे सरकत सरकत त्याला कडेच्या फळीपाशी नेलं, खांद्यानं दाबलं आणि पक काढून आपल्या संघातल्या मुलाकडे दिला. निशिकांतच्या तोंडून "वा!" निघालं.

राजसनं वर पाहिलं. आणि बाप त्याच्याकडेच बघत होता.

राजस जागच्या जागी उभा राहिला. हे त्याला नवीनच होतं. त्यानं स्टिक थोडी उंचावली, निशिकांतनं दोन्ही हात वर केले, राजसनं स्टिक आणखी उंचावली. तेवढ्यात त्या मुलानं पक गमावला होता. समोरचा खेळाडू राजसच्या पाठीमागून आरामात पुढे गेला आणि त्यानं गोल केला. या वेळी दोन सेकंद नाही, चांगले आठ सेकंद वाया गेले होते.

अर्ध्या तासानं लिम यांनी नाव सांगितलं. आर्यन. निशिकांतच्या पोटात जळजळ उठली, नेहमीपेक्षा थोडी जास्तच उठली. ती काही एका शनिवारात जाणारी नव्हती. तरी त्यानं सुबोधचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

"अरे, खरं तर राजसच…" सुबोधनं सुरुवात केली.

"सुबोध, पुरे आता," निशिकांत म्हणाला.

मुलं कपडे बदलून बाहेर आली. राजसचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. "सॉरी बाबा. माय फॉल्ट, ला. माझ्यामुळे गोल झाला."

"तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे झाला."

"पण त्याच्या आधीचं यू सॉ, अह? फळीजवळचं?"

"पाहिलं ना! त्याच्या छातीकडे बघत मागे सरकलास, पककडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. आणि पास देताना या वेळी खांदा पाडला नाहीस."

राजसचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूहळू कानापर्यंत पसरलं, आणि खांद्यावरची अवजड बॅग सावरत तो अडवल्याचे ते पाच-सहा सेकंद हातवारे करून पहिल्यापासून सांगू लागला. निशिकांत मधे मधे दुरुस्त्या करत होता आणि त्या दुरुस्त्या बरोबर होत्या.

दोन पावलांवर आर्यन सुबोधच्या हाताला झोंबत होता. "पपा, माझा तो लास्ट सेव्ह बघितलास ना? बेस्ट होता ना?"

"हो तर! एकदम बेस्ट!"

"कुठल्या साइडला केला मी, सांग?"

पूर्ण सामनाभर सुबोध कुठे बघत होता, हे निशिकांतला चांगलं ठाऊक होतं. आर्यन बापाच्या उत्तराची वाट बघत उभा राहिला. सुबोधनं नजर चुकवायला म्हणून मान वळवली, तर समोर राजस आणि निशिकांत एकमेकांना खांदे पाडून दाखवत हसत होते. बँकॉकचं तिकीट ज्याच्या मुलाचं निघालं होतं, तो सुबोध त्या दोघांकडे टक लावून बघत राहिला.

ती नजर निशिकांतनं पुरती ओळखली. कुणी आपल्याकडे तशा नजरेनं बघण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती, आणि त्याला फार बरं वाटलं.