दहा पायांचा सत्कारमूर्ती

एका जंगलात, बाळांनो, एक पाणथळ जागा होती. गुडघाभर पाणी आणि वर कमळाची पानं. त्या पानांवर एक कमळपक्षी राहायचा. यांच्यात अंडी उबवायचं काम बापाचं. तोही चार अंड्यांवर बसला होता.

एके दिवशी प्रधान तरस काठावर आला.

"आण्णा, अभिनंदन. तुमची जात दुर्मीळ झाली. महाराज तुमचा जाहीर सत्कार करणार आहेत."

"मला उठता येणार नाही हो. अंडी निवतील."

"उठू नका. मांडव इथंच घालू."

"पाण्यात?"

"छे. महाराजांचे पाय ओले होतील. पाणी काढून टाकू."

रानडुकरांनी चर खणला. पाणी वाहून गेलं. बदकं उडाली, बगळे उडाले. त्यांचा सत्कार नव्हता, म्हणून कुणी थांबवलं नाही. कमळपक्ष्याचं पान चिखलाला टेकलं. आता तिथवर चालत जाता येत होतं. मुंगूस स्वागत समितीवर होतं. ते रोज येऊन अंड्यांची चौकशी करू लागलं.

शेजारची म्हैस म्हणाली, "आण्णा, पोरांना काय शाल खायला घालणार? माझ्या डबक्यात चला. शिंगाड्याचे वेल आहेत. मला लोळायला एक कोपरा सोडा, झालं."

"अंडी फुटू देत, मग निघतो."

अंडी नेमकी सत्काराच्या दिवशी फुटली. महाराज सिंह पाण्याच्या महत्त्वावर बोलत होते. टाळ्या सुरू झाल्या. मुंगसालाही वाजवाव्या लागल्या. तेवढ्यात कमळपक्ष्यानं चारी पिल्लं पंखांखाली काखोटीला मारली आणि तो चालू लागला. पिल्लांचे पाय खाली लोंबत होते.

महाराजांनी चष्मा पुसला. "प्रधानजी, याला दहा पाय आहेत."

"म्हणूनच दुर्मीळ, महाराज."

शाल रिकाम्या खुर्चीला घातली. पुढं तिथं कमळपक्ष्याचा पुतळा बसला. भोवती कारंजं केलं. त्याचं पाणी लांबून आणतात.

इकडे डबक्यात पिल्लं शिंगाड्याच्या पानांवर पळायला शिकली. बापानं त्यांना पहिला धडा दिला, "कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही ढिगानं आहोत."

"आणि डबकं माझं एकटीचं आहे म्हणायचं," म्हैस म्हणाली.

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांच्या नजरेत भरावं असं वागू नये. तुम्ही थोडेच उरलात हे त्यांना कळलं, तर ते कौतुक केल्याशिवाय राहत नाहीत.