मठ्ठ्यातली कांडी

"रोशनी, तुझी ती नवी कांडी दे ना जरा. आत्ता वापस करतो," देवानंद म्हणाला.

"कायले?"

"मठ्ठा करतो."

रोशनीनं हातातली काचनळी स्टँडला लावली आणि त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात त्याच्या सात पिढ्या येऊन गेल्या.

चंद्रपूरकडच्या त्या कॉलेजात फिजिक्स आणि केमिस्ट्रीची लॅब एकच. मधली भिंत पाडली आणि दारावर 'मटेरियल सायन्स' अशी पाटी ठोकली. पण भिंत गेली तरी हद्द काही गेली नाही. फरशीवर कुणीतरी पिवळी रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या अलीकडं भट्टी, मीटर, चुंबक आणि फिजिक्सचा देवानंद भोयर. पलीकडं आम्लाच्या बाटल्या, बीकर आणि केमिस्ट्रीची रोशनी मडावी. दोघांची पीएचडी चालू, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. हे मात्र दोघांपैकी कुणी कबूल करणार नाही.

आता कांडी म्हणजे काय, तर लॅबमध्ये बीकरातलं ढवळायला कुणी चमचा घालत नाही. बीकरात एक पांढरी, गुळगुळीत, कॅप्सूलएवढी चुंबकाची कांडी टाकतात. खाली मोटरवालं यंत्र. बटण फिरवलं की कांडी आतल्या आत गरगर फिरते. हात न लावता काम.

"घरची घुसळायची रई नाई का तुह्याकडे?" रोशनीनं विचारलं.

"रई घेऊन येऊ का वायवाले? आईनं सकाळीच दही पाठवलं. कँटीन बंद आहे. कोल्हापूरचे चौगुले सर येऊन राह्यले, आणि भाईर ऊन पाह्य कसं आहे! डांबर पातळ झालं. त्या माणसाले थंड नाई पाजलं तं तो मले गरमच प्रश्न विचारन."

ते काही खोटं नव्हतं. आज देवानंदचा वायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, आणि चौगुले सर बाहेरून आलेले परीक्षक. एटापल्लीकडच्या लाल दगडापासून त्यानं एक काळी पावडर बनवली होती. ती विहिरीच्या खराब पाण्यात टाकायची, ती घाण धरून ठेवते, मग बाहेरून चुंबक लावला की पावडर घाणीसकट बाजूला ओढली जाते आणि पाणी निवळ. एवढ्यासाठी त्यानं जवानी भट्टीत घातली होती. आज सरांची सही झाली तर सोमवारी सिंदेवाहीच्या एका कॉलेजात नोकरीची मुलाखत. नाही झाली तर ती जागा दुसऱ्याची. आणि त्याची आई रंभाबाई गावभर सांगून मोकळी झाली होती की पोरगा डॉक्टर झाला. शेजारच्या धुरपताबाईनं तर गुडघा दाखवायला नंबरही लावून ठेवला होता.

"कांडी आताच पाकिटातून काढली मी. वरीसभर वाट पाह्यली तिची," रोशनी म्हणाली. "हरवली ना, तं पाहून घेजो."

"बीकर नवा, कांडी नवी, उकळत्या पाण्यानं धुतो. तुह्या घरचं भांडं नसन इतकं साफ."

मठ्ठा मात्र असा झाला की काय सांगावं. जिरं, मीठ, सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. वर फेस असा की ग्लास कलता केला तरी हलत नव्हता. देवानंदनं घाईघाईत ग्लास भरले आणि धावत बैठकीच्या खोलीत नेले. चौगुले सर घामानं निथळत बसले होते. देवानंदच्या गाईड भाग्यश्री मॅडम पेपरानं त्यांना वारा घालत होत्या. सरांनी पहिला ग्लास एका दमात संपवला. दुसरा त्याहून लवकर.

"झकास रे लेका! लई दिवसांनी असला मठ्ठा मिळाला," ते म्हणाले.

देवानंद हवेत तरंगत लॅबमध्ये आला. रोशनी रेघेवर हात पुढं करून उभी.

"माही कांडी?"

देवानंदनं बीकरात पाहिलं. नाही. बीकर उलटा केला. नाही. ग्लास पाहिले, बेसिन पाहिलं, बेसिनची जाळी काढून पाहिली. पांढऱ्या मठ्ठ्यात पांढरी कांडी, ती ओतताना दिसणार कुणाला?

"पेला कोण कोण?" रोशनीनं विचारलं.

"मी, मॅडम आणि सर."

"तू चावून पेला का?"

"मठ्ठा कोणी चावते का बे!"

दोघं तिथंच बसले. मग देवानंदच्या डोक्यात फिजिक्स शिरलं. ते शिरलं की माणसाला थांबवता येत नाही. त्यानं कपाटातून होकायंत्र काढलं. आधी स्वतःच्या पोटाला लावलं. काटा उत्तरेला. मॅडम बाहेर आल्या तेव्हा पाठीमागून जाऊन त्यांच्या कमरेजवळ धरलं.

"हे काय चाललं, देवानंद?"

"काई नाई मॅडम. तुम्ही बऱ्या आहात."

मग तो बैठकीच्या खोलीत गेला आणि सरांच्या खुर्चीशेजारी वाकला. काटा थरथरला, गर्रकन फिरला आणि थेट सरांच्या पोटावर जाऊन थांबला.

"काय शोधतोस?" सरांनी विचारलं.

"दिशा पाहून राह्यलो सर. वायवाच्या आधी पाह्यतात आमच्या इकडे."

"मग कुठली निघाली?"

"तुमच्याकडचीच," देवानंद म्हणाला आणि रोशनीकडं धावला.

रोशनीचा भाऊ सुनिल नागपूरला डॉक्टरकी शिकत होता. तिनं त्याला फोन लावला, आणि तो आधी पोटभर हसला.

"एक गेली का दोन?" त्यानं विचारलं.

"एकच."

"मंग बहुतेक आपोआप निघून जाईन. उद्या एक्सरे काढून घ्या. पण ऐक, दुसरा चुंबक जवळ येऊ नका देऊ! एक पोटातून ओढन, एक भाईरून ओढन, आतडं मधात सापडन. समजलं?"

"तोपर्यंत काय करू?"

"केळं चारा. इजा नाई करत."

रोशनीनं चौकातून केळी आणली. चौगुले सरांनी पहिलं केळं आनंदानं खाल्लं, दुसरं संकोचानं. तिसरं देवानंदनं सोलूनच हातात दिलं तेव्हा त्यांनी मॅडमकडं पाहिलं.

"मॅडम, इकडं पाव्हण्याला असंच करतात व्हय?"

"आमची माणसं मायाळू आहेत सर," मॅडम म्हणाल्या, पण त्यांनीही देवानंदकडं डोळे बारीक करून पाहिलं.

वायवा सुरू झाला. देवानंद बोलला बरं. आलेख दाखवले, दगड कसा दळला, किती तापवला, सगळं सांगितलं. पण उभा होता खोलीच्या पार त्या टोकाला, खिडकीला पाठ लावून. पुढ्यात टेबलावर गढूळ पाण्याचा ग्लास, पावडरीची डबी आणि बत्त्याएवढा चुंबक. तो चुंबक असा होता की लोखंडी स्टूल ओढून न्यायचा.

"आता प्रयोग दाखव," सर म्हणाले आणि खुर्चीवरून उठले.

"तिथूनच पाहा सर! तिथून चांगलं दिसते!"

"मला लांबचं दिसत नाही रे."

सर दोन पावलं पुढं आले. देवानंदनं चुंबक उचलून छातीशी धरला आणि टेबलाच्या मागं गेला. सर टेबलाच्या डाव्या बाजूनं आले. देवानंद उजव्या बाजूनं सटकला. सर उजव्या बाजूला वळले. देवानंद डावीकडं. असे दोघं टेबलाला फेरे घालू लागले. रोशनी दारात उभी राहून ओढणी दातात धरत होती, आणि ते भीतीनं की हसू दाबायला, ते तिलाच ठाऊक.

शेवटी सर थांबले. धाप लागली होती. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"देवानंद, मी पंचवीस वर्षं हेच काम करतोय. प्रयोग जमला असेल तर पोरगं चुंबक घेऊन माझ्या अंगावर येतं. तू पळतोयस. ही पावडर चुंबकाला चिकटते तरी का?"

"चिकटते सर!"

"मग दाखव. इथं, माझ्या हातात दे चुंबक. नाही दाखवलंस तर मी सही करणार नाही."

मॅडमनी कपाळाला हात लावला. देवानंदनं चुंबकाकडं पाहिलं, सरांच्या पोटाकडं पाहिलं. एकीकडं सही, एकीकडं आतडं. त्यानं चुंबक मागं, खिडकीबाहेरच्या सज्ज्यावर नेऊन ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

"नाई देत सर. सही नका करू, चालते. पण चुंबक नाई देत."

"का?"

"तुमच्या पोटात कांडी आहे सर. मठ्ठ्यातून गेली. मीच घुसळला तो यंत्रावर. हे पोरगी नाई म्हणत होती. मोठा चुंबक जवळ आला तं आतून ओढन. मी उद्या येतो तुमच्यासंगं एक्सरेले. डिग्री पुढच्या साली पाहू."

चौगुले सरांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. मग मान खाली घातली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

"दार लाव गं," ते रोशनीला हळूच म्हणाले.

मग त्यांनी पँटच्या खिशात हात घातला आणि रुमाल काढला. रुमालाला जिऱ्याचा वास येत होता. गाठ सोडली. आत कांडी.

"दुसऱ्या ग्लासात दाताला लागली," सर म्हणाले. "परत द्यायचीच होती. म्हणजे, द्यावी असं वाटत होतं. पण आमच्याकडं या मापाची एक नाही हो. मागणीचा कागद नुसता फिरतोय."

"तुम्ही चोरली सर?" रोशनी म्हणाली. मॅडमनी तिला डोळे वटारले, पण शब्द निघून गेला होता.

"पुसून ठेवली," सर म्हणाले.

देवानंद मात्र रुमालाकडंच पाहत होता. "सर, पण ह्या तं दोन आहेत."

खरंच. कांडीला कांडी चिकटून बसली होती.

"ती दुसरी परवाची," सर आणखी खालच्या आवाजात म्हणाले. "दुसऱ्या एका गावाला वायवा होता. तिथल्या पोरांनी पन्हं केलं होतं."

मॅडम पदरात तोंड घालून खिडकीकडं वळल्या. देवानंदनं झटकन खिडकी उघडून चुंबक आत घेतला आणि ग्लासाला लावला. काळी पावडर काचेवर धावत आली आणि पाणी निवळलं. चौगुले सरांनी फार न बघता खाली सही ठोकली. त्यांना त्या खोलीतून निघायची घाई झाली होती.

"ह्यातली तुमची कुठली?" जाताना त्यांनी विचारलं. दोन्ही सारख्याच.

"ओळखू येईपर्यंत दोन्ही राहू द्या," रोशनी म्हणाली आणि रुमालासकट उचलल्या.

गाडी फाटकाबाहेर गेली. देवानंद आईला फोन लावायला धावला. रोशनी मॅडमजवळ सरकली.

"मॅडम, पुढच्या साली माहा वायवा आहे ना. एक्सटर्नल म्हणून हेच सर बोलावजा."

"काऊन गं?"

"अजून चार जागी जाऊन येऊ द्या त्यांले. मंग आपल्याकडे बोलवू."