पाचशे बारा ओळींचं काय करावं?

कोणत्याही संशोधन संस्थेची प्रगती तिथल्या माणसांना घरी जायची किती घाई आहे यावरून मोजावी. या निकषावर पनवेलचं एक केंद्र (नाव देता येत नाही, पाटी अजून रंगाऱ्याकडे आहे) फार पुढे होतं.

तिथल्या अणुबल सूक्ष्मदर्शकाला डोळे नव्हते. केसाहून बारीक टोकाची त्याची सुई वस्तूचा पृष्ठभाग ओळीओळीने चाचपडत जाई. पाचशे बारा ओळी झाल्या की एक चित्र. वेळ चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात चालकाने उठू नये, खुर्ची सरकवू नये आणि (नियम सातवा) शक्यतो काळजी करू नये, कारण काळजी करणारा माणूस पाय हलवतो.

चालक होती ऋचा. तिची दोन वर्षांची चारू शशिकलाताईंच्या पाळणाघरात असे आणि ते सहाला बंद होई. तीनदा उशीर झाला की नाव कमी. दुसरं पाळणाघर मिळेपर्यंत मूल दहावीला बसतं, असं अनुभवी आया सांगत. त्यामुळे ऋचाचा उजवा पाय अखंड हले आणि तिच्या चित्रांत गुळगुळीत काचसुद्धा जरा धास्तावलेली दिसे.

पहिला उशीर झाला तेव्हा तिने अर्ज केला: सुई आखूड घ्यावी, नियंत्रक बदलावा, यंत्राचा वेग वाढवावा. संचालक अवधूत सरांनी तातडीने गतिवर्धन समिती नेमली. समिती अकरा वेळा बसली. (दुसरा उशीर तिच्याच सहाव्या बैठकीमुळे झाला.) तेवढ्यात चारू "आई"वरून "आई, तू कुठे होतीस?" इथवर पोचली. म्हणजे वेगाची अडचण सर्वांनाच नव्हती.

सुई जोरात पळवली तर चढावर आपटते आणि उतारावर हवेत राहते, हे समितीने मान्य केलं. मग सुईला कशाला त्रास? ओळीच कमी करू. दोनशे छप्पन्न ओळी, वेग दुप्पट. चौसष्ट, आठपट.

"मॅडम, काच इथूनतिथून सारखीच असते हो," सदस्य शैलेश म्हणाले. "भात शिजला की नाही बघायला तुम्ही पातेलंभर शितं दाबता का?"

शेवटी एकच ओळ ठरली. वेळ पावणेपाच सेकंद, वेगवाढ पाचशे बारा पट. ऋचाला हसावं की रडावं कळेना; तिने टाळ्या वाजवल्या.

उद्घाटन संध्याकाळी साडेपाचला. एका कारखान्याची काच सुईखाली होती. कंप लागू नये म्हणून यंत्र ज्या दगडी शिळेवर ठेवलं होतं, तिच्यावरच सरांनी नारळ उगारला.

"सर, तिथं नको!" चिरनेरचे काशीराममामा ओरडले. ते यंत्राची देखभाल करत. "वर सुई हाय!"

"काशीराम, शुभकार्यात नको म्हणू नये."

नारळ फुटला. त्याच क्षणी ती एकमेव ओळ उमटली: सपाट, सपाट, मग आभाळाला भिडणारा सुळका.

"वा!" सर म्हणाले. "काय उंची आहे!"

समितीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. दाखला तयारच होता: 'काच तपासली. उंची समाधानकारक.' चालकाची सही तेवढी बाकी.

"मॅडम, तो डोंगर नाय, नारल हाय," काशीराममामा कानात पुटपुटले.

ऋचाला ते ठाऊक होतं. पुन्हा नीट तपासायचं तर चाळीस मिनिटं. घड्याळात पाच चौतीस. बेरीज तिने बोटांवर केली, मग पुन्हा केली. दोन्ही वेळा सहा चौदा आले.

तिने सही केली, प्रसादाचं खोबरं तोंडात कोंबलं आणि रिक्षाकडे धूम ठोकली.

पाच अठ्ठावन्न. चारू दारातच होती. नाव शाबूत.

हुश्श केलंत ना? ती काच कुठे बसवणार आहेत, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत. समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज एका ओळीत करावा.