वाफेच्या पेटीत सूर्यास्त

शरीर हा नोकर आणि मन हा मालक! मालकानं नुसते डोळे वटारले की नोकर मुकाट्यानं कामाला लागतो! चातुर्मासाच्या पन्नासाव्या दिवशी, बोरगावात बस्तीसमोरच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरासमोरच्या, कट्ट्यावर उभं राहून मी हे जाहीर केलं आणि कोणाकोणाला पटलं ते बघायला उजवीकडं मान वळवली. मान वळली. परत आली नाही.

कारण सांगतो. यंदा मी पहिल्यांदाच चार महिन्यांचं व्रत घेतलंय. सूर्य मावळला की अन्न बंद, पाणीसुद्धा बंद, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. आमच्या जैन घरांत यात नवलाचं काही नाही. आमची बायको राजमती गेली अडतीस वर्षं हे करते आणि कुणाला कळूही देत नाही. मी पन्नास दिवस केलं आणि ज्याला कळलं नाही असं बोरगावात एक घर राहिलं नाही! व्रत करणारा माणूस दिसायला ताठ हवा, म्हणून रोज प्रवचनाला मी पहिल्या रांगेत खांबासारखा बसत होतो. ते ताठपण हळूहळू मानेतून खांद्यात आणि खांद्यातून पाठीत उतरलं. मागून कुणी 'नेमगोंडा अण्णा' अशी हाक मारली तर मी बैलगाडीसारखा सगळाच्या सगळा वळायचो.

बेळगावहून सूनबाईंचा फोन आला. "आप्पा, स्नायू आखडलेत तुमचे. निपाणीत नवीन आयुर्वेदिक मालिश केंद्र झालंय. उद्या चारची वेळ घेतली मी."

"मालिश? मला? अगं, दिवाळीचं तेल सोडलं तर या अंगाला आजवर कुणी हात लावलेला नाही!"

"जावा की गुमान," राजमती आतून म्हणाली. "घरात कपाट सरकवल्यागत फिरताय. काल माझ्या परातीत पाय दिला. परत यायला उशीर झाला तर व्रताची पंचाईत नको, मी डबा घेऊन बरोबर येते."

केंद्रात शिरताच टेबलाशी बसलेल्या रचना नावाच्या मुलीनं माझं घड्याळ आणि मोबाईल काढून एका टोपलीत ठेवले. "इथं काळ थांबतो, अंकल," ती गोड हसून म्हणाली.

"आमचा सूर्य थांबत नाही, बाई!"

राजमती डबा मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी गुडघ्यांना तेल लावायला आलेल्या जयाबाई होत्या. आमच्या आधीचा माणूस आत इतका रमला होता की आमचा नंबर लागायला पाच वाजले.

मालिश करणारा भरमू जांबोटीचा. तळहात भाकरीच्या तव्याएवढा, आवाज मात्र वासराच्या कानासारखा मऊ.

"अण्णा, कापडं काढा."

"किती?"

"लाज वाटंल तेवढी ठेवा, बाकीची काढा."

मी पंचा नेसून लांब लाकडी पाटावर पालथा झालो. भरमूनं कोमट तेल सोडलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"अण्णा, सैल सोडा."

"सोडलंय."

"ह्ये सैल?"

"यापेक्षा सैल मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवताना एकदाही झालो नव्हतो!"

फणस पिकलाय का ते बघतात तसं त्यानं बोटाच्या पेरानं माझ्या पाठीवर ठोकून बघितलं. "कच्चाच हाय," असं स्वतःशीच म्हणाला आणि अंगठा रोवला. पन्नास दिवसांची सगळी प्रवचनं नेमकी तिथंच साठली होती! मी जी आरोळी ठोकली ती निपाणीच्या स्टँडवर ऐकू गेली असणार.

"अगंबाई! कोण वरडतंय?" बाहेर जयाबाई दचकल्या.

"आमचंच माणूस," राजमती शांतपणे म्हणाली. "सहनशक्ती लई हाय त्यांची. गावात विचारा कुणालाबी."

पण खरं सांगतो, पंधरा मिनिटांनी चमत्कार झाला. एकेक गाठ उसाच्या मोळीचा बंध कापावा तशी सुटत गेली. मानेनं माझ्याशी जुनी ओळख दाखवली. लोणी कसं कढत असेल ते मला आतून कळलं. आणि कळता कळता मी घोरायला लागलो.

जाग आली तेव्हा भरमू शेजारच्या स्टुलावर हात जोडून बसला होता.

"किती वाजले रं?"

"सहा वाजत आल्यात. झोपल्या माणसाला उठवायचं न्हाई, असं शिकवलंय आमाला. आता धा मिंटं वाफ घ्या, म्हंजे तेल मुरंल."

दहा मिनिटं! सूर्यास्ताला चाळीस मिनिटं होती. एवढ्या हिशेबात भूगोलाचा मास्तर चुकतो काय? मी ऐटीत वाफेच्या पेटीत जाऊन बसलो. ही पेटी म्हणजे माणूस मावेल एवढं लाकडी कपाट. आत बसायला स्टूल, वरच्या फळीला गळ्याएवढं भोक. दार लावलं की सगळा माणूस आत आणि मुंडकं तेवढं बाहेर. "घट्ट लाव, वाफ वाया जायला नको!" हे मीच सांगितलं. भरमूनं खांदा लावून दार दाबलं.

दहा मिनिटं घाम असा गाळला की पावसाळ्यातल्या वेदगंगेनं लाजावं. भरमूनं बटण बंद केलं आणि दार ओढलं. मग जोरात ओढलं. मग एक पाय पेटीला लावून ओढलं.

"अण्णा, कडी आली."

"दार?"

"दार न्हाई आलं. पावसाळ्यात लाकूड फुगतंय बघा."

तुटकी कडी हातात धरून तो पेटीभोवती फिरला. रचना धावत आली. तिनं सुताराला फोन लावला. सुतार चिकोडीहून निघत होता, म्हणजे तासाभराची निश्चिंती.

"कोयत्यानं फोडू काय?" भरमूनं मऊ आवाजात विचारलं.

"भरमू, माझी मान भोकात आहे! कोयत्याचं नाव काढू नकोस!"

आणि तेवढ्यात मला तहान लागली. साधी नव्हे. अंगातला सगळा ओलावा पेटीत गेलेला, घसा चुलीवर विसरलेल्या मडक्यासारखा. सूर्य मावळला तर सकाळपर्यंत थेंब नाही. आणि मावळल्यावर प्यालो, तर पन्नास दिवस पाण्यात आणि बोरगावात तोंड दाखवायला जागा नाही.

गलका ऐकून राजमती आणि जयाबाई आत आल्या. माझं नुसतं मुंडकं बघून जयाबाईंनी आधी हात जोडले, मग खाली वाकून बाकीचा माणूस शोधला.

"अहो, अडचणीत चालतंय सगळं," त्या म्हणाल्या. "रातच्याला सुटल्यावर खावा की निवांत. देव बघतोय."

हे मला मनापासून पटायला लागलं होतं. पण राजमतीनं पदर खोचला. "देवाचं ऱ्हाऊ द्या. गावभर सांगून कोण आलंय? किती वाजता मावळतोय सूर्य?"

बाहेर ढग इतके गच्च की सूर्य आहे की गेला, काही समजेना. भिंतीवरचं कॅलेंडर म्हणत होतं सहा पन्नास. रचनाचा मोबाईल म्हणत होता सहा एक्केचाळीस.

"कॅलेंडर महाराष्ट्राचं हाय," जयाबाई म्हणाल्या. "तेच खरं."

"माझं लोकेशन कर्नाटक दाखवतंय, आंटी," रचना म्हणाली.

झालं! आमच्या भागात जमीन कुणाची हा वाद जुना आहे, पण सूर्य कुणाचा हा मी पहिल्यांदाच ऐकला. मी पेटीतून समजावायला लागलो. "हे बघा, कॅलेंडर छापतात मुंबईच्या रेखांशावर. मुंबई आपल्या पश्चिमेला. त्यामुळं आपल्याकडं..."

"तोंड उघडा," राजमती म्हणाली, "पण बोलायला न्हाई. आधीची येळ धरायची. किती मिंटं ऱ्हायली?"

"एकवीस!" रचना ओरडली.

राजमतीनं हात धुतले, डबा उघडला. भाकरी, दोडक्याची भाजी, आमटी-भात. स्टूल ओढून ती पेटीसमोर बसली आणि पहिला घास उचलला. माझं तोंड घरट्यातल्या पिलासारखं उघडलं. तेवढ्यात जयाबाईंनी तिचा हात धरला.

"आक्का! लग्नानंतर पयल्यांदाच भरवताय न्हवं? मग नाव घेतल्याबिगर घास द्यायचा न्हाई!"

"बाई, सूर्य चाललाय!" मी किंचाळलो.

"मग लवकर घ्या नाव!"

राजमतीनं अडतीस वर्षांत चारचौघांत माझं नाव घेतलेलं नाही. एक क्षण ती लाजली. खरंच लाजली! पेटीतल्या उकाड्यातही मला गार वाटलं. मग खडखडीत आवाजात म्हणाली,

"मुंडकं तेवढं बाहेर, खाली घामाची धार,
नेमगोंडांना भरवते, दिवस हाय तोवर घास चार!"

भरमूनं कडी पेटीवर आपटून दाद दिली. घास तोंडात पडला. जगात यापेक्षा चवदार दोडका पिकलेला नाही!

"आता अण्णांनी घ्यायचं!" जयाबाई.

"राजमती... राजमती... भात कालव!"

"यमक न्हाई जुळलं."

"पोट भरल्यावर जुळवतो!"

मग घासांची अशी रांग लागली की रहाटाचे पोहरे! रचना मिनिटं मोजत होती, जयाबाई "चावून खावा, चावून खावा" म्हणत होत्या, भरमू दर घासाला मान डोलवत होता. अकरा मिनिटं. सात मिनिटं. तीन. भात संपला आणि राजमतीनं तांब्या माझ्या ओठाला लावला. मी तो सबंध रिकामा केला. अर्धं पाणी पोटात, अर्धं गळ्याच्या भोकातून पेटीत.

"सहा एक्केचाळीस!" रचनानं जाहीर केलं.

टाळ्या! पुढच्या नंबराचे दोघं दारात येऊन उभे राहिले होते, त्यांनीही वाजवल्या. मान मोकळी, पोट भरलेलं, व्रत शाबूत, आणि अडतीस वर्षांनी बायकोनं हातानं भरवलेलं. आणखी काय पाहिजे माणसाला? मला राहवेना.

"मंडळी," मी मुंडकं उंचावून म्हणालो, "बघितलंत ना? हात अडकले, पाय अडकले, तरी नेम मोडला नाही. संयम म्हणतात तो हाच! जिभेवर ज्याचा ताबा, त्याला जगात कुठलीच पेटी..."

सगळे गंभीर झाले. जयाबाईंनी पुन्हा हात जोडले. आणि तेवढ्यात नाकाखाली काहीतरी मऊ, किंचित आंबट-तिखट लागलं. माझी जीभ मला न विचारता अर्ध्या वाटेवर पोचलीसुद्धा होती.

"राजमती," मी ओठ न हलवता पुटपुटलो, "मिशीत एक शीत अडकलंय. तेवढं काढ गं, पटकन."