सात फुटी ब्रिस्को आणि आमची भिंत

त्या गुरुवारी मी घरून काम करायचं ठरवलं. घरी कारण सांगितलं, की ऑफिसात पाहुणे येणार आहेत. (पाहुणे यायचे होते ते बॉसचे, आणि ते मला भेटणार नव्हते.) खरं कारण असं, की अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या बास्केटबॉल खेळाडूंना व्यावसायिक संघ त्या दिवशी निवडून घेणार होते. तिथली रात्र म्हणजे इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या आमच्या रोटोटुना उपनगरात, दुपार. शिवाय शुभंकर येणार होता, आणि त्याला एकदा कायमचं खोटं पाडणं हे माझं दोन वर्षं रखडलेलं काम होतं.

शुभंकर माझ्यासारखाच पुण्याचा. हॅमिल्टनला शिकायला आला, इथेच चिकटला. उंची सहा फूट दोन इंच. त्यामुळे बास्केटबॉल आपल्याला जन्मतः कळतो असा त्याचा समज आहे. मी पाच फूट चार. मला जे कळतं ते डोक्याने कळतं.

सुमेधाने, म्हणजे माझ्याहून चार इंच उंच अशा माझ्या बायकोने, निघताना बजावलं होतं, "तीनला घराचं इन्स्पेक्शन आहे. ऑगस्टमध्ये लीज संपतंय. ते वाढवायचं की नाही, हे मालक एजंटच्या रिपोर्टवर ठरवणार. मी अडीचला येते. तोवर तू कशालाही हात लावू नकोस."

हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

बाराला शुभंकर आला आणि सोफ्यावर पसरला. त्याचा लाडका म्हणजे केलन ब्रिस्को, सात फूट एक इंच. माझा टोबायस हारग्रोव्ह, सहा फूट आठ.

"ब्रिस्को पहिल्या दहात जाणार," शुभंकर म्हणाला. "दहा वर्षं खेळेल."

"तो ताडाचं झाड आहे," मी म्हणालो. "कॉलेजात पोरांच्या डोक्यावरून चेंडू टाकतो. तिथे सगळेच ताड. फ्री थ्रो निम्मे चुकतात त्याचे. समोर कोणी उभं नसताना चुकतात, शुभंकर. मग समोर कोणी असताना काय करणार?"

"आणि तुझा हारग्रोव्ह? त्याला उडीच येत नाही."

"त्याला गरज नाही. तो कंबर खाली घालून पाठीने माणूस अडवतो. उंच माणसाचं वजन वर असतं. खालून रेटलं की गेला."

"रमण, तू उंचीवर जळतोस."

हे ऐकून घेण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "ऊठ. तू ब्रिस्को, मी हारग्रोव्ह. पॅसेजमध्ये चल."

पॅसेजमध्ये शुभंकर भिंतीला पाठ लावून उभा राहिला, चेहऱ्यावर ते उंच माणसांचं दयाळू हसू. मी त्याच्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले, कंबर जमेल तितकी खाली नेली, दोन पावलं पुढे जाऊन सगळ्या ताकदीनिशी मागे आलो.

तेवढ्यात टीव्हीवर कोणीतरी ब्रिस्कोचं नाव घेतलं आणि शुभंकर ऐकायला बाजूला झाला.

इथल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेलं प्लास्टरबोर्ड, आत पोकळ. पुण्यातल्या भिंतीने मला परत पाठवलं असतं. हिने आत घेतलं. मी भिंतीत बसलो होतो, आणि खुर्चीत बसावं तसा नीट बसलो होतो.

"सहावा नंबर," शुभंकर हॉलमधून म्हणाला. "सांगितलं होतं की नाही? अरे, तू तिथे काय करतोस?"

त्याने मला दोन्ही हात धरून उपटलं. भिंतीला गोल, ऐसपैस भोक पडलं होतं. दोन वाजले होते.

"पुढे टेबल ठेवू," शुभंकर म्हणाला. पॅसेजमध्ये टेबल ठेवलं तर माणूस जात नाही. कपडे वाळत घालायचा स्टँड ठेवला, तर त्यातून भोक आणखी उठून दिसलं. शेवटी मराठी मंडळाचं मोठं कॅलेंडर चिकटपट्टीने लावलं. त्याची वरची कडा माझ्या मांडीपर्यंत येत होती. मग शुभंकर मागच्या दाराने निघून गेला. सात फुटांच्या माणसांच्या वकिलाने एवढंच धैर्य दाखवलं.

सुमेधा उशिरा, तीनला पाच कमी असताना आली, कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ती काही बोलणार तोच बेल वाजली.

एजंट ट्रेसी सज्जन बाई. माओरी पद्धतीने "किया ओरा," म्हणून नमस्कार केला, जोडे काढले, ओव्हन बघितला, बाथरूमची बुरशी शोधली, ती नाही म्हणून खूश झाली. मग पॅसेजमध्ये थांबली.

"कॅलेंडर फारच खाली आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

"आमच्या संस्कृतीत खालीच लावतात," मी म्हणालो. "नम्रता म्हणून."

सुमेधाने डोळे मिटले.

ट्रेसीने आदराने मान हलवली. संस्कृतीचा मान राखायला ती फोटोसाठी गुडघ्यावर बसली, आणि जून महिना चिकटपट्टीसकट अलगद भिंतीच्या आत पडला.

टीव्हीवर पहिली फेरी संपल्याचं सांगत होते. हारग्रोव्हचं नाव कोणी घेतलं नव्हतं. (निवडणाऱ्यांना अक्कल नाही, हे माझं मत आजही कायम आहे.)

ट्रेसीने टेप काढून भोक जमिनीपासून मोजलं. "दोन फूट," ती पुटपुटली. मग मायेने विचारलं, "घरात मूल आहे का?"

मी तोंड उघडलं, पण सुमेधा आधी म्हणाली, "आहे. एक."

"आपटलं असेल बिचारं. लागलं नाही ना? वय काय?"

"बेचाळीस."

ट्रेसी हसली नाही. तिने ते लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात लीज वर्षभर वाढल्याची ईमेल आली. भिंत आम्ही दुरुस्त करून द्यायची होती. खाली ट्रेसीने आपल्याकडून एक ओळ जोडली होती: सुमेधा घरी नसताना रमणला एकटं ठेवू नये.

सुमेधाने त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावली. बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, तिच्या.