कोमेजमुक्त वसंत

बोईसरच्या ऋतुगंध सहकारी गृहनिर्माण संस्थेत माघाच्या शेवटी एका बाल्कनीत पिटुनियाचं एक फूल कोमेजलं, आणि दुर्दैव असं की ते अध्यक्षांनी पाहिलं.

अध्यक्ष म्हणजे दिग्विजय राऊत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात सुरक्षा अधिकारी म्हणून काढली होती. निवृत्त झाले म्हणून काय झालं? फोडणी द्यायच्या आधी बायकोला डोळ्यांवर चष्मा चढवायला लावणारा माणूस तो. त्यांनी खालूनच हाक मारली, "चौगुले, तुमच्याकडे इन्सिडंट झालाय!"

भगवंत चौगुले बनियनवरच बाल्कनीत आले. दिवाळीत त्यांच्या बायकोला, सुगंधाला, अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून बाल्कनीतली वेताची खुर्ची हेच तिचं माहेर आणि हेच सासर. समोर बघायला कारखान्यांची धुराडी आणि खाली पाण्याचे टँकर. म्हणून भगवंतांनी माकुणसारच्या रोपवाटिकेतून स्कूटरवर पिटुनिया आणली, फ्लॉक्स आणलं, मोगऱ्याचं एक रोप पायांत धरून आणलं. सुगंधाचं मागणं एवढंच होतं, "मोगरा... माझ्यासमोर फुलू दे." तेवढं झालं की भगवंत भरून पावणार होते.

"फूल होतं साहेब. कोमेजलं," भगवंत वरून म्हणाले.

"का कोमेजलं?"

"त्याचे दिवस भरले."

"का भरले?"

"फुललं होतं म्हणून."

"आणि का फुललं?"

भगवंत कुंडीकडे बघू लागले. "बघा," अध्यक्ष समाधानाने म्हणाले, "तीन वेळा 'का' विचारलं की मूळ कारण सापडतंच."

त्याच आठवड्यात सर्वसाधारण सभा झाली. चैत्रात पालघरहून 'सुंदर बाल्कनी' स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. त्यांच्या नजरेला मरगळलेलं फूल पडलं तर संस्थेची अब्रू ती काय राहिली? तेव्हा फाटकाशी एक फळा लावण्यात आला. त्यावर रंगाने लिहिलं होतं, 'या इमारतीत एकही फूल न कोमेजल्याचे दिवस', आणि पुढे खडूने आकडा. आकडा रोज एकाने वाढणार. कुणाचं फूल कोमेजलं, तर पुन्हा शून्य.

सभेत कुणी हसलं नाही. हसणार कोण? घरटी एक माणूस कारखान्यात, आणि प्रत्येकाचा जन्म 'अपघात न झाल्याचे दिवस' मोजणाऱ्या अशाच एका फळ्याखाली गेलेला. भगवंतांचा स्वतःचा अंगठा ऐन उमेदीत यंत्रात चेपला होता. कंपनीच्या फळ्यावरचा आकडा मोडू नये म्हणून तो घरच्या दारात चेपल्याची नोंद झाली, आणि पुढे पुढे भगवंतही लोकांना दाराचीच गोष्ट सांगू लागले. हल्ली तर ते दार त्यांना आठवतही असे. ठराव एकमताने मंजूर झाला.

मग इमारत कामाला लागली. ज्याचं फूल मान टाकायला लागे, तो उजाडायच्या आत ते गायब करी. जिने झाडणाऱ्या गोजराबाईंच्या हाती एक जादा पिशवी आली. त्या प्रत्येक दारात उभ्या राहून विचारत, "पडलेला हाय का तोडलेला हाय? पडलेला असंल तर मला सांगू नका. मी तोडलेलाच नेते."

आकडा वाढत गेला. अध्यक्षांनी पुढचं पाऊल टाकलं. कोमेजलेलं फूल ही झाली दुर्घटना, पण कोमेजण्याच्या बेतात असलेलं फूल कळवणं हे प्रत्येक सभासदाचं कर्तव्य. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक शेजाऱ्यांच्या बाल्कन्यांचे फोटो टाकू लागले. 'दुसरा मजला, डावी कुंडी, फ्लॉक्स, मान किंचित कललेली. कृपया दखल घ्यावी.' खाली सतरा अंगठे. सख्खे शेजारी बोलेनासे झाले, पण बोलण्यामुळे काही आकडा वाढत नव्हता.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या हेतलबेननी हा घोळच मिटवला. त्या पुढच्या सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, फूल येतं म्हणून कोमेजतं ना? मग मी तर कळी दिसली की लगेच काढून टाकते. माझ्याकडे होळीपासून काही कोमेजलंच नाही."

अध्यक्षांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात मुळावर उपाय!" दुसऱ्या दिवशी परिपत्रक लागलं. कळी दिसताच ती संभाव्य धोका समजून खुडावी, खुडताना हातमोजे वापरावेत. फाल्गुन सरला, पाडवा आला. बाहेर रस्त्याकडेचा पळस पेटला होता, आंबा मोहरला होता, त्या बापड्यांना परिपत्रक मिळालं नव्हतं. ऋतुगंध मात्र तळापासून गच्चीपर्यंत नुसती हिरवीगार होती आणि फळ्यावरचा आकडा बघायला आजूबाजूच्या सोसायट्यांची माणसं येत होती.

भगवंतही खुडत होते. सुगंधाचा दुपारी डोळा लागला की हळूच पिटुनियाच्या कळ्या काढत. "यंदा झाडांनी धरलंच नाही गं," असं तिला सांगत. पण मोगऱ्यापाशी त्यांचा हात अडला. पानाआड एक कळी होती. ती त्यांनी ठेवली. सुगंधाला ती ठाऊक होती. रोज सकाळी ती उजव्या हाताने पान बाजूला करी, कळी बघे, आणि पान परत लावून ठेवी. झटक्यानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू दिसू लागलं, तेही एका बाजूने. भगवंतांना वाटे, जाऊ दे तिकडे तो आकडा!

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी अध्यक्ष घरी आले. चहा घेतला, बाल्कनीत गेले, आणि सरळ ते पान उचललं. आयुष्यभर लपवलेल्या गोष्टी हुडकल्या होत्या त्यांनी.

"चौगुले, हे काय?"

"हिच्यासाठी ठेवलीय साहेब. एकच आहे."

"वहिनींना आपण गजरा आणू. संस्थेतर्फे."

"गजरा नको साहेब. झाडावर फुललेला बघायचाय तिला." भगवंतांनी हात जोडले. "एवढं एक राहू द्या. पाया पडतो."

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्यांनी कळीकडे बघितलं. मग सुगंधाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कळी राहू दे," ते भगवंतांना बाजूला घेऊन म्हणाले. "मोगरा संध्याकाळी फुलतो. परीक्षक सकाळी येऊन जातील. पण वहिनी जरा... कसं सांगू? खालून बघितलं तर मान कललेली दिसते हो त्यांची. परीक्षकांचं लक्ष तिकडेच जाणार. उद्यापुरतं त्यांना आतल्या खोलीत बसवाल? मी कळी सोडतो, तुम्ही एवढं करा."

भगवंतांनी विचार केला. एका दिवसाचा तर प्रश्न. तेही सकाळचाच. मोगरा तर तिच्याचसाठी वाचत होता. त्यांनी मान डोलावली. सौदा फायद्याचा वाटला, हे त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

सकाळी त्यांनी खुर्ची उचलली.

"अहो... कुणी येणारे?" सुगंधाने विचारलं.

"पाहुणे यायचेत."

"मग मी... आत कशाला?"

"ऊन लागतंय गं तुला," भगवंत म्हणाले, आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

परीक्षक ते परीक्षक, सकाळचे म्हणून, 'आता येतील, आता येतील' करता करता संध्याकाळी उगवले. त्यांनी मान वर करून इमारत पाहिली. एकही सुकलेलं पान नाही, एकही पिवळी पाकळी नाही, कठड्याशी एकही माणूस नाही. "वा!" ते म्हणाले. "वसंताचं इतकं शिस्तबद्ध दर्शन आम्हाला जिल्ह्यात कुठं घडलं नाही." भाषणं झाली. फळ्यासमोर फोटो झाले. बक्षिसाची ढाल उचलायला भगवंतांना मुद्दाम पुढे बोलावलं, कारण पहिली दुर्घटना त्यांच्याकडची आणि सुधारणाही त्यांचीच. टाळ्या पडल्या. भगवंतांना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. बटाटेवडे आले, सरबत आलं, कुणी जाऊ देईना.

अंधार पडला तेव्हा ते वर निघाले. जिन्यात गोजराबाई भेटल्या, हातात पिशवी.

"साहेब, तुमच्याकडचा मोगरा फुललेला. अध्यक्षसाहेब बोलले, उद्या मान टाकंल, आजच काढा. दार उघडाच होता, मी काढला. तोडलेलाच हाय, पडलेला नाय. तुमाला तरास नाय व्हायचा."

भगवंतांना पिशवीत हात घालावासा वाटला, पण वरून माणसं उतरत होती. ते घरात गेले, दिवा लावला, आतलं दार उघडलं. सुगंधा भिंतीकडे तोंड करून बसली होती. सकाळी खुर्ची ठेवली तशीच होती. वळवायची राहून गेली होती.

"मोगरा... फुलला ना?" ती म्हणाली. "वास आला... मघाशी. न्या ना मला बाहेर."

"नाही गं," भगवंत म्हणाले. अंगठा दारात चेपला होता, हे ज्या सहजतेने सांगत त्याच सहजतेने म्हणाले. "शेजारी उदबत्ती लावली असेल."

आता तुम्ही म्हणाल, ही बोईसरची माणसं, कारखान्यांत राहून राहून अशी झाली. म्हणा बापडे. पण तुमच्याकडे पाहुणे यायचे असले की खुर्ची कुणाची उचलली जाते, तेवढं एकदा आत जाऊन बघून या. दार लोटलेलंच असेल.