पाच बारांची बंदूक

सशस्त्र पहाऱ्याशिवाय जगात काहीच टिकत नाही, असं सोनकांबळे हवालदारांचं मत होतं, आणि आमच्या लातूरकडच्या मुरुडच्या डाळमिलच्या फाटकाकडे पाहिलं की ते पटायचं. तिथे ते स्वतः उभे असत: खांद्याला बेल्जियमची पाच बारांची बंदूक, छातीवर काडतुसांचा पट्टा, मिशांना तेल. मागे गोदाम. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, त्यामुळे गोदामात तुरीचं एक पोतंही नव्हतं. पण कुलूप होतं. आणि कुलूप आहे तिथे पहारा आहे, हे ते पलटणीत शिकले होते.

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. पलटणीतून निवृत्त होऊन येताना हवालदारांनी ही बंदूक हैदराबादच्या एका शिकारशौकीन मुनसफाच्या विधवेकडून घेतली. मिलला स्वतःची बंदूक असलेला पहारेकरी हवा होता. म्हणजे नोकरी खरं तर बंदुकीला लागली होती. हवालदार सोबत जात.

तिचे गुण ते रस्त्यावरच्या कुणालाही थांबवून सांगत. "चाप ओढला, बार झाला, की रिकामं काडतूस आपोआप भाईर, नवं आपोआप आत. दुनळीवाला दोन बारांत खलास, आपले तीन बाकी! अन् धक्का बी निम्मा तीच खाती. खांद्याला कसं, कुणी हलवून उठवल्यासारखं."

एका झेंडावंदनाला त्यांनी पाच बारांची सलामी जाहीर केली. पहिला बार दणक्यात झाला आणि रिकामं, गरम काडतूस उजवीकडे उभ्या असलेल्या सरपंचांच्या कॉलरमध्ये गेलं. सरपंच राष्ट्रगीतात नाचले. दुसरा बार झाला, आणि बंदूक अडकली.

"तिचा कसूर न्हाई, गुरुजी," ते नंतर मला म्हणाले. "काडतूस नामर्द निघालं. बार जोरात झाला तर नळी मागं सरणार, नळी मागं सरली तर नवं काडतूस आत येणार. ती काय करंल?"

"आणि सरपंच?"

"उजवीकडं उभं ऱ्हायचं कुणी सांगितलं हुतं त्यांना?"

दर रविवारी ते अंगणात धोतर अंथरून बंदूक खोलत. तिचा एक अवगुण मात्र मलाही माहीत होता. पुन्हा जोडताना नळीखालची भली मोठी स्प्रिंग दाबून धरावी लागते, आणि तेवढ्यात पुढची टोपी फिरवून बसवावी लागते. दाबायचं काम त्यांच्या मंडळी करत. त्या वारल्या, तेव्हापासून कुंपणापलीकडून हाक येई, "गुरुजी, या की जरा दाबायला!" मी दाबत असे. मग चहा होई.

अशात लातूर जिल्हा झाला आणि जुन्या जिल्ह्याचे बंदुकांचे परवाने नव्या कचेरीत नोंदवून आणायचा हुकूम निघाला. मिलमालकांनी बजावलं होतं, बंदूक नाही तर पहारेकरी नाही. हवालदार बंदूक गवसणीत घालून निघाले. मला साक्षीला घेतलं.

कारकून फायलींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहीत होता.

"एकनळी का दुनळी?"

"एकनळी. पण पाच बारांची!" हवालदार सुरू झाले. आपोआप भाईर, आपोआप आत.

लेखणी थांबली. "आपोआप भरते? मग वर विचारावं लागेल. उत्तर येईपर्यंत बंदूक इथं जमा करा."

"कवा येईल उत्तर?"

"हवालदार, अजून आम्हाला टेबलं आली नाहीत."

हवालदारांनी गवसणीवरून एकदा हात फिरवला.

"साहेब, आपोआप म्हनायचं आपलं," ते हळू बोलले. "भरती कुठं? दोन बारांत अडकती. वजनाला लई जड. सगळी नळीच मागंफुडं पळती, मग निशाणा कसा ऱ्हाईल? हलकं काडतूस, भारी काडतूस, दर बारीला आतलं कडं बदला. धूळ सोसत न्हाई. जोडायला दोन मान्सं लागत्यात."

कारकुनालाच दया आली. "काडतुसं खराब असतील."

"न्हाई साहेब. कसूर तिचाच हाय."

"मग ठेवता कशाला?"

"सवय झाली."

कारकुनाने 'एकनळी, जुनी' असं लिहिलं आणि नळीवरचा, लाकडाखाली झाकलेला नंबर दाखवायला सांगितलं. हवालदार खोलायला बसले. मला कारकुनाने कोर्ट फीचं तिकीट आणायला बाहेर पिटाळलं. मी परत आलो तेव्हा नंबर उतरला होता, शिक्का पडला होता आणि बंदूक जोडून गवसणीत गेली होती.

परतीच्या एसटीत त्यांनी गवसणी खिडकीशी बसवली आणि स्वतः कडेला बसले. मुरुड येईपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी हाक आली. मी गेलो, दाबली.

"हवालदार, कचेरीत कुणी दाबली?"

"कोन दाबनार? भुईला टेकवली, गुडघ्यानं दाबली, बसवली. एकट्याला बी जमतंय."

"मग मला दर रविवारी कशाला बोलावता?"

त्यांनी टोपी फिरवून घट्ट केली. बोटांचं तेल धोतराला पुसलं आणि माझ्यापुढे कप सरकवला.

"एकट्यापुरता चहा टाकला की दूध उरतंय, गुरुजी. नासून जातंय."

त्या उन्हाळ्यात मुरुडला दूध मिळत नव्हतं. चहा कोरा होता.